दोन्ही बाजू शिकवणारा मास्तर

१८३१ सालच्या एप्रिल महिन्याच्या २३ तारखेला कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजच्या व्यवस्थापक मंडळाची एक खास बैठक भरली. कॉलेजातल्या एका शिक्षकाला ठेवायचे की काढायचे, हे त्या बैठकीत ठरायचे होते. शिक्षकाचे नाव हेन्री लुई विव्हियन डेरोझिओ. पाचच दिवसांपूर्वी त्याला बावीस वर्षे पूर्ण झाली होती. त्याने पैशांची अफरातफर केली नव्हती, तो वर्ग चुकवत नव्हता आणि शिकवण्यात कमी पडतो असेही कोणी म्हणत नव्हते. तक्रार अगदी उलटी होती. त्याने शिकवलेले वर्गात राहत नव्हते, मुलांबरोबर ते घरी येत होते. स्वयंपाकघरात, देवघरात, वडिलांच्या बैठकीत मुले प्रश्न विचारू लागली होती आणि वडीलधाऱ्यांना उत्तरे सुचत नव्हती.

आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत डेरोझिओच्या वाट्याला एखाददुसरी ओळ येते. बंगालमधल्या 'यंग बेंगॉल' या तरुणांच्या चळवळीचा प्रणेता, असे त्याचे वर्णन केलेले असते. परीक्षेत चार गुणांची टीप लिहिण्यापुरते ते ठीक आहे. पण या ओळीमागे एक प्रश्न दडलेला आहे आणि तो दोनशे वर्षांनंतरही शिळा झालेला नाही. कॉलेजातल्या मुलांना स्वतःच्या डोक्याने विचार करायला शिकवता येते का? येत असेल तर ते कसे शिकवायचे, आणि त्याची किंमत कोणी मोजायची?

डेरोझिओचा जन्म १८ एप्रिल १८०९ रोजी कलकत्त्यात, एंटाली भागात झाला. घराण्यात पोर्तुगीज रक्त होते, आई इंग्रज होती. वडील फ्रान्सिस हे जे. स्कॉट अँड कंपनी या व्यापारी पेढीत हिशेबाच्या कामावर होते. खाऊन-पिऊन सुखी असे ते कुटुंब होते. परंतु त्या काळच्या कलकत्त्यात या मिश्र समाजाची स्थिती मोठी चमत्कारिक होती. इंग्रज त्यांना आपले म्हणत नसत आणि हिंदू-मुसलमानांच्या लेखी ते साहेबच. हेन्री सहा वर्षांचा असताना आई गेली. पण याच सुमारास त्याला एक गुरू भेटला.

धरमतल्ला भागात डेव्हिड ड्रमंड नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थांची शाळा होती. ड्रमंड स्वतंत्र विचारांचे होते. त्यांच्या शाळेत इंग्रज, मिश्रवंशीय आणि हिंदी मुले एकाच बाकावर बसत. त्या काळी ही गोष्ट सहज घडणारी नव्हती. डेरोझिओ या शाळेत आठ वर्षे शिकला. त्याचे औपचारिक शिक्षण म्हणजे एवढेच. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा वडिलांच्याच पेढीत कारकून म्हणून चिकटला. खर्डेघाशी त्याला मानवली नाही. मग त्याने भागलपूरला मामांच्या निळीच्या कारखान्यात काम धरले. तिथे गंगेच्या पात्रात जंगीरा नावाचा एक खडक आहे आणि त्यावर एक फकीर राहत असे. या दृश्याने त्याच्या मनात घर केले. तो कविता लिहून 'इंडिया गॅझेट'ला पाठवू लागला आणि संपादक डॉ. जॉन ग्रांट त्या छापू लागले. १८२७ साली त्याचा पहिला कवितासंग्रह निघाला. पुढच्याच वर्षी 'द फकीर ऑफ जंगीरा' हे दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले. त्याची नायिका चितेवरून वाचवली गेलेली एक विधवा आहे. सतीबंदीचा कायदा १८२९च्या डिसेंबरात झाला, हे लक्षात घेतले की या विषयाचे धाडस कळते.

१८२६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, डेरोझिओ हिंदू कॉलेजात शिक्षक म्हणून रुजू झाला. हे कॉलेज १८१७ साली कलकत्त्यातल्या प्रतिष्ठित हिंदू गृहस्थांनी आपल्या मुलांना इंग्रजी विद्या मिळावी म्हणून स्थापन केले होते. डेव्हिड हेअर या घड्याळांच्या स्कॉटिश व्यापाऱ्याने त्यासाठी जिवाचे रान केले होते. आपल्या देशात विद्यापीठे यायला १८५७ साल उजाडावे लागले. तोपर्यंत उच्च शिक्षण म्हणावे असे जे होते, ते अशा मोजक्या ठिकाणीच. डेरोझिओकडे इंग्रजी साहित्य आणि इतिहास हे विषय होते. त्याचे काही विद्यार्थी त्याच्याहून चार-पाच वर्षांनीच लहान होते. घंटा झाली तरी वर्ग संपत नसे. मुले त्याच्याभोवती कोंडाळे करून बसत आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन पुन्हा तोच धागा पकडत.

१८२८च्या सुमारास या गप्पांना एक रूप आले. 'अ‍ॅकॅडेमिक असोसिएशन' नावाची वादसभा निघाली. अध्यक्ष डेरोझिओ. सभा पुढे माणिकतल्ल्याच्या एका बागेतल्या घरात भरू लागली. माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे की सगळे विधिलिखित असते? सद्गुण म्हणजे काय? देशप्रेम कशाला म्हणावे? ईश्वराच्या अस्तित्वाच्या बाजूने काय म्हणता येईल आणि विरुद्ध काय? मूर्तिपूजेला आधार कोणता? असे विषय तिथे निघत. पंधरा-सोळा वर्षांची मुले उभी राहून बोलत आणि ऐकायला कधी डेव्हिड हेअर, कधी सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती सर एडवर्ड रायन, तर कधी बिशप्स कॉलेजचे प्राचार्य डॉ. मिल येऊन बसत.

डेरोझिओची पद्धत काय होती, हे पुढे त्याच्यावर आरोप झाले तेव्हा त्याने स्वतःच लिहून ठेवले. ईश्वराबद्दल शंका घेणारा ह्यूम हा तत्त्वज्ञ तो मुलांना वाचायला देई. पण तेवढ्यावर थांबत नसे. ह्यूमला रीड आणि ड्यूगल्ड स्ट्यूअर्ट यांनी दिलेली उत्तरेही तो त्यांच्या हातात ठेवी. एक बाजू सांगून दुसरी झाकून ठेवणे त्याला अप्रामाणिकपणाचे वाटे. दोन्ही बाजूंचे सर्वांत भक्कम म्हणणे आधी समजून घ्यायचे आणि मग आपले मत बनवायचे, इतका साधा त्याचा धडा होता.

खरे तर हा धडा आपल्या देशाला नवा नव्हता. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात. विरोधकाचे म्हणणे कच्चे करून सांगितले तर तो शास्त्रीबुवांचाच कमीपणा समजला जाई. पूर्वपक्षानंतर उत्तरपक्ष आणि शेवटी सिद्धान्त. मग हिंदू कॉलेजच्या शास्त्रसंपन्न व्यवस्थापकांना डेरोझिओची धास्ती का वाटावी? माझ्या मते त्याचे कारण शेवटच्या पायरीत आहे. पाठशाळेत सिद्धान्त काय निघणार हे बहुधा आधीच ठरलेले असे, पूर्वपक्ष कितीही जोरात मांडला तरी वाट पुन्हा घरीच येई. डेरोझिओने पहिल्या दोन पायऱ्या तशाच ठेवल्या आणि तिसरी मोकळी सोडली. सिद्धान्त ज्याचा त्याने काढायचा. शिवाय प्रश्न घट-पटाचे राहिले नाहीत. ते घरातल्या विधवेचे, जातीचे, देव्हाऱ्यातल्या देवाचे झाले.

नुसते बोलणे पुरेसे नाही, लिहिले पाहिजे, हेही या मुलांना लवकरच उमगले. बोलताना आवाज चढवता येतो, हशा घेता येतो, अडचणीचा मुद्दा हातवारे करून टाळता येतो. कागदावर यातले काहीच चालत नाही. तिथे एका वाक्यानंतर दुसरे वाक्य का आले, याचा जबाब द्यावा लागतो. १८३० साली विद्यार्थ्यांनी 'पार्थेनॉन' नावाचे इंग्रजी पत्र काढले. पहिल्याच अंकात स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली होती, न्याय मिळवणे किती महाग पडते याबद्दल तक्रार होती आणि रूढींवर टीका होती. कलकत्त्यात खळबळ उडाली. दुसरा अंक तयार होता, पण कॉलेजच्या चालकांनी तो बाहेर पडू दिला नाही. एका अंकात पत्राचा कारभार आटोपला.

आता घराघरांतले चित्र पाहू. मुलगा पहाटे उठून संध्या करत नाही. मंत्र म्हणायला बसवले तर 'इलियड'मधल्या ओळी म्हणतो. बंदी असलेले पदार्थ मित्रांबरोबर खातो आणि वर लपवतही नाही. आई रडते, आजोबा जेवत नाहीत, शेजारी टोमणे मारतात. मास्तर अमुक म्हणाला, तमुक म्हणाला अशा अफवा घरोघर पसरू लागल्या. कित्येकांनी मुलांना कॉलेजातून काढले, कित्येकांनी घरीच बसवून ठेवले. या आईबापांना आज मागासलेले म्हणणे सोपे आहे. पण त्यांनी पदरमोड करून मुलांना इंग्रजी शिकायला घातले होते, ते चांगली नोकरी मिळावी, व्यवहारात पुढे जावे म्हणून. घरात शिकलेला मुलगा असावा आणि घरही जसेच्या तसे राहावे, अशी त्यांची इच्छा होती. ही इच्छा आजच्या आईबापांनाही काही अनोळखी नाही.

डेरोझिओचे विरोधकही सामान्य नव्हते. मंडळावरचे रामकमल सेन गरिबीतून वर आलेले. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून त्यांनी सुरुवात केली, टांकसाळीचे दिवाण झाले आणि पुढे बँक ऑफ बेंगॉलचेही. त्यांनी इंग्रजी-बंगाली कोश तयार केला. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन हे त्यांचे नातू. दुसरे राधाकांत देव. सतीबंदीला विरोध करणाऱ्यांचे ते पुढारी, पण मुलींच्या शिक्षणाचे पुरस्कर्ते आणि 'शब्दकल्पद्रुम' या प्रचंड संस्कृत कोशाचे कर्ते. ही माणसे ज्ञानाची वैरी नव्हती. आपण लावलेले झाड आपल्याच घराच्या भिंतीत मुळे घालते आहे, असे त्यांना वाटू लागले होते.

बैठकीत पहिला प्रश्न आला तो असा, की हा माणूस तरुणांना शिकवायला अयोग्य आहे का? गंमत म्हणजे या प्रश्नावर त्याला अयोग्य ठरवणारे अल्पमतात गेले. राधाकांत देव आणि रामकमल सेन ठामपणे विरोधात होते. परंतु कोणी म्हणाले की ऐकीव गोष्टींपलीकडे आपल्याला काही ठाऊक नाही, कोणी म्हणाले की पुरावाच नाही. संस्कृत पंडित होरेस विल्सन आणि डेव्हिड हेअर यांनी तर तो उत्तम शिक्षक असल्याचे सांगितले. तेव्हा प्रश्न बदलण्यात आला. तो योग्य असेना का, पण हिंदू समाजाची सध्याची मनःस्थिती पाहता त्याला काढणे इष्ट आहे की नाही? हा हिंदूंच्या भावनेचा प्रश्न म्हणून विल्सन आणि हेअर यांनी मत दिले नाही. श्रीकृष्ण सिंह यांच्यासारखा अपवाद सोडला तर बाकीच्यांचा कल काढण्याकडे गेला. गुन्हा सिद्ध झाला नाही आणि शिक्षा मात्र ठरली.

ज्याच्याबद्दल हा निर्णय झाला, त्याला बोलावून दोन शब्द विचारावेत असे कोणाला वाटले नाही. विल्सन यांनी सुचवल्यावरून डेरोझिओने २५ एप्रिलला राजीनामा पाठवला. आपण तो आपखुशीने देत नाही, आपल्याला आरोप कळवलेले नाहीत, बाजू मांडण्याची संधी दिलेली नाही, हे त्यात त्याने स्पष्ट लिहिले. दोन्ही बाजू ऐका असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाची बाजू कोणी ऐकली नाही, हा दैवदुर्विलास म्हणायचा.

मात्र विल्सन यांनी त्याला खासगी पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या. तुम्ही देव मानत नाही का, आईबापांचा आदर करणे हे कर्तव्य नाही असे शिकवता का, आणि भावा-बहिणींच्या विवाहात काही वावगे नाही असे म्हणता का? हे तिन्ही आरोप शहरभर फिरत होते. २६ एप्रिलला डेरोझिओने जे उत्तर लिहिले, तो त्याच्या शिकवण्याचा सगळ्यात चांगला नमुना आहे. नोकरी गेलेल्या तरुणाने संतापून काहीही लिहिले असते. त्याने एकेक मुद्दा घेतला. देव नाही असे आपण कधी कोणासमोर म्हटलेले नाही, पण या विषयावर तत्त्वज्ञांना आलेल्या शंका आणि त्यांची उत्तरे ही दोन्ही आपण शिकवली, हे त्याने कबूल केले. त्यातून काही मुले नास्तिक झाली म्हणून आपल्याला दोष द्यायचा असेल, तर जी आस्तिक राहिली त्यांचे श्रेयही आपल्याला मिळायला हवे, असे त्याचे म्हणणे होते. आईबापांच्या बाबतीत त्याने घडलेल्या गोष्टी पुढे ठेवल्या. बापाशी उद्धटपणे वागलेल्या एका विद्यार्थ्याची त्याने स्वतः कानउघाडणी केली होती. घर सोडू पाहणाऱ्या दक्षिणारंजन मुखर्जीला, सोसावे लागते, घराबाहेर काढल्याशिवाय घर सोडू नये, असे समजावले होते. तिसरा आरोप तर इतका बेताल होता, की आपण असला मूर्खपणा कधी शिकवलाच नाही, असे म्हणून त्याने तो बाजूला सारला. बेकनसारख्यांचे दाखले आहेत, युक्तिवाद आहे, संयम आहे. ते पत्र वाचले की वाटते, याला काढून कॉलेजने स्वतःचाच सर्वांत चांगला पाठ फळ्यावरून पुसून टाकला.

डेरोझिओच्या सगळ्या विद्यार्थ्यांना हा संयम साधला असे मात्र नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कृष्णमोहन बॅनर्जीच्या घरी जमलेल्या काही मित्रांनी गोमांस खाल्ले आणि त्याची हाडे शेजारच्या ब्राह्मणाच्या घरात फेकली. कृष्णमोहन त्या वेळी घरात नव्हता, तरी त्याला घराबाहेर पडावे लागले. यंग बेंगॉलचे नाव काढले की पुष्कळांना हा प्रसंग आधी आठवतो. आठवू द्यावा. मात्र शेजाऱ्याच्या घरात हाड फेकणे हा युक्तिवाद होत नाही. समोरच्याला काय वाटते, हे समजून घेण्याची पहिली पायरीच तिथे गाळलेली असते. मास्तराने शिकवलेल्या धड्यात हे बसत नव्हते. तरुण मुले धडा अर्धा शिकली की काय होते, ते या प्रसंगात दिसते आणि विरोधकांच्या हाती आयते कोलीत कसे जाते तेही.

कॉलेज सुटल्यावर डेरोझिओने 'ईस्ट इंडियन' नावाचे वृत्तपत्र काढले आणि आपल्या मिश्र समाजाच्या प्रश्नांवर लिहू लागला. हिंदू आणि ईस्ट इंडियन यांनी एकमेकांपासून फटकून राहू नये, असा त्याचा आग्रह होता. पण काळाने वेळ दिला नाही. डिसेंबरात त्याला पटकीने गाठले. विद्यार्थी उशापायथ्याशी बसून होते. २६ डिसेंबर १८३१ रोजी तो गेला. कलकत्त्याच्या दक्षिण पार्क स्ट्रीट दफनभूमीत त्याला पुरले. त्याने जेमतेम पाच वर्षे शिकवले होते.

योगायोग असा, की त्यानंतर अकराच दिवसांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत विशीच्या उंबरठ्यावरच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. डेरोझिओचा आणि त्यांचा संबंध नव्हता. पण देशाच्या दोन टोकांना विशीच्या आसपासची मुले छापील कागदावर मत मांडू लागली होती, हे त्या वर्षांचे वैशिष्ट्य खरे.

मास्तर गेल्यावर बाकी काय राहिले? बाकी राहिली ती लिहिण्याची सवय. १८३१ सालीच कृष्णमोहनने 'एन्क्वायरर' काढले आणि दक्षिणारंजन व रसिककृष्ण मल्लिक यांच्या मंडळींनी 'ज्ञानान्वेषण'. १८३८ साली या जुन्या विद्यार्थ्यांनी सामान्य ज्ञान संपादन करण्यासाठी एक सभा स्थापन केली. तिच्या बैठकीत सभासद निबंध लिहून आणत, तो वाचत आणि मग त्यावर चर्चा होई. महेशचंद्र देव यांनी १८३९ साली हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर असाच निबंध वाचला. निवडक निबंधांचे तीन खंड छापले गेले. आता मुले तिशीकडे झुकली होती. 'पार्थेनॉन'मधला उतावळेपणा गेला होता, त्याजागी माहिती आणि मांडणी आली होती.

या सवयीची खरी कसोटी १८४३ सालच्या फेब्रुवारीत लागली. सभा हिंदू कॉलेजच्याच दालनात भरली होती. तेरा वर्षांपूर्वी ज्या चालकांनी विद्यार्थ्यांचे पत्र बंद पाडले, त्यांचेच हे दालन. दक्षिणारंजन मुखर्जी निबंध वाचत होते. विषय होता, बंगालमधली कंपनी सरकारची फौजदारी न्यायालये आणि पोलीस यांची सद्यःस्थिती. कॉलेजचे प्राचार्य कॅप्टन रिचर्डसन समोर बसले होते. वाचन चालू असतानाच ते उठले आणि या दालनाचा राजद्रोहाचा अड्डा होऊ देणार नाही, अशा अर्थाचे बोलले. अध्यक्षस्थानी ताराचाँद चक्रवर्ती होते. त्यांनी आवाज चढवला नाही, सभाही गुंडाळली नाही. आपण इथे पाहुणे आहात, वाचकाला मध्येच अडवणे सभेच्या रीतीला सोडून आहे, तेव्हा आपले शब्द मागे घ्यावेत, असे त्यांनी प्राचार्यांना सुनावले. निबंध पुढे वर्तमानपत्रातही छापून आला. गोऱ्या प्राचार्याला हिंदी माणसाने भर सभेत नियमावर बोट ठेवून थांबवले, ते १८५७च्या चौदा वर्षे आधी.

या मंडळींची पुढची आयुष्येही पाहण्याजोगी आहेत. रसिककृष्णाने भर कोर्टात गंगाजलाची शपथ घ्यायला नकार दिला होता, कारण गंगेच्या पावित्र्यावर आपला विश्वास नाही असे तो म्हणाला. राधानाथ सिकदर सर्वेक्षण खात्यात गणिती झाला. आज एव्हरेस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, त्या वेळी १५ क्रमांक दिलेल्या शिखराची उंची काढण्याच्या गणितात त्याचा मोठा वाटा होता. त्याच राधानाथने डेहराडूनला खात्याच्या मजुरांना वेठीला धरणाऱ्या मॅजिस्ट्रेटला विरोध केला आणि २०० रुपये दंड भरला. प्यारीचाँद मित्राने बोलीभाषेच्या जवळ जाणारी 'आलालेर घरेर दुलाल' ही कादंबरी लिहिली. रामतनू लाहिरी आयुष्यभर शिक्षकच राहिले. कृष्णमोहन ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला. एकाच मास्तरच्या हाताखालून निघालेले हे सगळे, पण मते एकाची एक नाहीत. मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. मास्तराने आपली मते वाटली असती तर एका छापाची माणसे तयार झाली असती.

मुंबईतही १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी अशीच निबंध वाचण्याची सभा काढली. दादाभाई नौरोजी तिच्यात होते. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या आणि पुढच्याच वर्षी या तरुणांनी मुलींच्या शाळा सुरू करून स्वतः शिकवायला सुरुवात केली. कागदावर मांडलेला विचार असा पायांनी चालू लागतो.

आणि आज? आपल्या शाळा-कॉलेजांत 'विज्ञान : शाप की वरदान?' हा निबंध कित्येक पिढ्यांनी लिहिला आहे. शेवट सगळ्यांना पाठ असतो. विज्ञान शापही आहे आणि वरदानही, ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. झाले, दहापैकी सात गुण. वरवर पाहता यातही दोन्ही बाजू आल्या. पण डेरोझिओ ज्याला दोन्ही बाजू म्हणत होता, ते हे नव्हे. कुंपणावर बसायची सोय म्हणून तो दोन बाजू सांगत नव्हता. कुंपणाच्या एका बाजूला उतरावेच लागणार, तेव्हा पलीकडे काय आहे ते नीट पाहून उतरा, असे त्याचे सांगणे होते.

बँकेच्या नोकरीत मी वर्षानुवर्षे कर्जप्रस्तावांवरची टिपणे वाचली. कर्ज का द्यावे हे प्रत्येक जण लिही. का देऊ नये, धोका कुठे आहे, हे नीट लिहिणारा अधिकारी क्वचित भेटे. प्रथम वर्गात पास झालेली हुशार मुले साहेबांचा कल कुठे आहे याचा आधी अंदाज घेत आणि मग त्या दिशेने चार पाने भरत. त्यांना भाषा येत होती, आकडेमोड येत होती. स्वतःच्याच शिफारशीविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा शोधायचा आणि त्याला उत्तर द्यायचे, हे त्यांना कुठल्याच वर्गात कोणी सांगितले नव्हते. आता तर निबंधही यंत्र लिहून देते आणि तो दिसायला नेटका असतो. तो कोणाच्या डोक्यातून गेला, हे मात्र कागदावर उमटत नाही. कॉलेजच्या मास्तरांनी मुलाला समोर बसवून, तुझ्या मताविरुद्धची बाजू मला लिहून दाखव आणि मग मला पटवून दे, असे सांगितले तर यंत्र असूनही काम होईल. त्याला पैसा लागत नाही. वेळ लागतो आणि मुलगा आपल्याशीही वाद घालणार, हे सोसायची तयारी लागते.

ही तयारी घरातही लागते. १८३१च्या त्या बैठकीतल्या वडीलधाऱ्यांना मुलांच्या प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत, म्हणून त्यांनी प्रश्न शिकवणाऱ्याला काढले. प्रश्न कॉलेजातच राहिले आणि बारा वर्षांनी त्याच दालनात निबंध होऊन परत आले. संध्याकाळी जेवणाच्या वेळी आपला मुलगा किंवा मुलगी एखाद्या गोष्टीवर आपल्याला विरोध करील, तेव्हा ताट सरकवून उठून जायचे, की तुझे म्हणणे उद्या कागदावर लिहून दाखव असे म्हणायचे, हे ज्याच्या त्याच्या घरी ठरायचे आहे. कागद आणला तर मात्र तो शेवटपर्यंत वाचला पाहिजे.